माशाने स्वीकारली काय, कळवावे

अण्णांनी जन्मात मासा खाल्ला नाही, मासा मारला नाही, आणि माझी त्यांची ओळख झाल्यापासून माशाशिवाय दुसऱ्या कशावर सलग पाच मिनिटं बोलले नाहीत. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कपाळाला भस्म, अंगात पांढरा नेहरू शर्ट आणि खिशात काडीपेटी. विडी ओढत नव्हते. काडीपेटीत काय असायचं ते पुढं येईलच.

कोल्हापुरात गुजरीजवळ, म्हणजे सोनारांच्या पेठेजवळ, त्यांचं रेशमाचं दुकान होतं. गोंड्याचं रेशीम, कलाबतू, जर, दागिने ओवायचा दोरा. सोनाराने साजाचे मणी आणि पानं घडवली की ती दोऱ्यात ओवून, गाठी मारून, मागं गोंडा लावून दागिना गळ्यात घालण्याजोगा करतात ते पटवेकरी. गावातले सगळे पटवेकरी अण्णांचं गिऱ्हाईक. दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझं टायपिंग इन्स्टिट्यूट. इंग्रजीची सहा मशिनं, मराठीची दोन. शिकणारी पोरं मला मास्तर म्हणायची, म्हणून अख्खी गल्ली मास्तर म्हणायची. वर मशिनं सुरू झाली की खाली माझ्या तराजूचं पारडं हलतं, अशी अण्णांची कायम तक्रार. मी म्हणायचो, पारडं आधीपासूनच हलतंय, माझ्या मशिनांवर आळ घेऊ नका. अशी आमची ओळख.

एकदा भर दुपारी जिना चढून वर आले. समोरच्या स्टुलावर बसले आणि काडीपेटी उघडून माझ्यापुढं धरली. आत तीन किडे. मी खुर्ची मागं सरकवली.

"भिता काय ओ मास्तर, मेल्यात की त्या!" अण्णा म्हणाले. "मेल्यात म्हंजे जल्माला आल्याच न्हाईत. बांधल्यात."

नीट बघितलं तर गळ होता, बोटाच्या पेराएवढा. त्याला पीस, दोरा आणि दोन बारीक मणी बांधून कोळंबीसारखं काहीतरी केलं होतं. झालं होतं असं की एक गोरा साहेब साज बघायला अण्णांच्या दुकानात आला होता. तिथं उचगावची मालूताई बसली होती. पटवेकऱ्यांच्या घरातली बाई, गुजरीतले झाडून सगळे सोनार नाजूक काम हिच्याकडंच पाठवायचे. ती पायाच्या अंगठ्याला दोरा बांधून साज ओवत होती. साहेबाने पाव तास तिचा हात बघितला, मग डोक्यावरची हॅट काढली, हॅटमध्ये टोचून ठेवलेली असलीच एक माशी काढली (मासे फसवायच्या या बांधलेल्या किड्याला ते लोक माशीच म्हणतात) आणि खुणेनं विचारलं, हे जमेल का? मालूताईनं ती उलटीपालटी करून बघितली आणि पंधरा मिनिटांत दुसरी बांधून हातावर ठेवली. साहेबाने म्हणे तिला हात जोडले. आता त्याच्या कंपनीचं पत्र आलं होतं आणि त्याला उत्तर इंग्रजीतून मारायचं होतं.

असा अण्णांचा माश्यांचा कारखाना सुरू झाला. गल्लीनं काय काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. दुकानात बसून माश्या मारणारा माणूस आता माश्या बांधायला लागला, हे तर रोज कुणीतरी नव्यानं सुचल्यासारखं म्हणायचं. अण्णा प्रत्येकाला हसायचे. मला त्या माणसाच्या सहनशक्तीचा राग यायचा.

कारखाना म्हणजे उचगावात एक पत्र्याची शेड आणि मालूताई धरून पाच बांधणाऱ्या बायका. शहरातलं घर सोडून तिकडं कशाला, तर काकींमुळं. काकी म्हणजे अण्णांची बायको, गडहिंग्लजकडची, घरात रोज लिंगपूजा. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "कोंबडीचं पीस उंबऱ्याच्या आत आलं की मी भाईर. माझी पिशवी भरलेलीच हाय." आणि माशीला कोंबड्याच्या मानेवरचं पीस लागतंच. तेव्हा शेड उचगावात, आणि अण्णांसाठी मागच्या दारी एक बादली पाणी. शेडवरून आले की आधी आंघोळ, मग घर.

त्यातही माणसाचं आणखी एक खूळ. कापलेल्या कोंबड्याचं पीस घ्यायचं नाही. फक्त गळून पडलेलं. त्यामुळं सकाळी उचगावच्या गल्ल्यांतून हा भस्म लावलेला माणूस कापडी पिशवी घेऊन दारोदार, "कोंबडा हाय काय ओ घरात? पीस टाकलंय काय?" पहिल्या महिन्यात दोन घरांनी करणी करायला आलाय म्हणून हाकललं. एका म्हातारीनं तर अंगावर राख टाकली. अण्णा मला हे सांगत होते तेव्हा खांद्यावर राख तशीच होती, आणि पिशवीत सात पिसं होती त्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

साहेबाने गळानं मासे धरायच्या छंदाचं एक इंग्रजी मासिक पाठवलं होतं. ते मला वाचून दाखवावं लागायचं. एकदा नाही, दर आठवड्याला. त्यातली आमच्या कामाची मासळी म्हणजे बोनफिश. मी सरळ सांगितलं, हाडाचा मासा. अण्णा म्हणाले, "सगळेच मासे हाडाचे असत्यात की ओ." मग म्हणाले, "हाडकुळी म्हणू या." तेव्हापासून ती हाडकुळी.

ही हाडकुळी गरम समुद्रातल्या बेटांभोवती गुडघाभर पाण्यात चरते. अंग इतकं चकचकीत की मासा दिसतच नाही, वाळूवर फक्त त्याची सावली हलताना दिसते. वाळूतले खेकडे, कोळंब्या खाते. पुढं टोचणारे दात नाहीत, पण घशात दगडासारख्या दोन पाट्या, त्यात कवच भरडून टाकते. हे वाचलं तेव्हा अण्णांनी मांडीवर थाप मारली. "घशात जातं घालून फिरती म्हणा की!" दुसऱ्या दिवशी शेडमधल्या पाची बायकांना ते जात्याचं सांगून झालं होतं. आणि शेवटी मी वाचलं की मोठमोठे साहेब सुट्टी काढून, विमानानं अर्धी पृथ्वी ओलांडून त्या पाण्यात उभे राहतात, तिला पकडतात आणि सोडून देतात. खात नाहीत.

"खात न्हाईत?"

"नाही. काटे फार असतात."

"सोडत्यात?"

"सोडतात."

अण्णांनी मासिक माझ्या हातातून घेऊन चित्रातला मासा बघितला. मग म्हणाले, "मास्तर, मंग ही आपल्यातलीच माणसं की ओ."

पहिल्याच मोठ्या खेपेला घोळ झाला. सहाशे माश्या पाठवल्या होत्या. दोन महिन्यांनी खोकं परत. सोबत दोन ओळींचं पत्र: डोळे उलट्या बाजूला आहेत, गळाचं टोक खाली जातं, तळात अडकतं. बास.

अण्णा खोकं घेऊन थेट शेडवर गेले, मला पत्र वाचायला बरोबर घेऊन. परातीत पाणी ओतलं. साहेबाची मूळ माशी सोडली. दोन मण्यांच्या वजनानं तिनं पाण्यात पलटी खाल्ली, मणी खाली, टोक वर. मग आमची सोडली. ती तशीच सरळ बुडली आणि टोक परातीला टेकलं. सहाशेच्या सहाशे तशाच. कुणाला काही कळेना. मालूताई एकटी खाली बघत होती, स्वतःच्या पायाकडं.

पटवेकरी बाई कुठलंही काम अंगठ्याला अडकवून करते. गळसुद्धा तिनं अंगठ्याच्या दोऱ्यात अडकवला, आणि अडकवताना टोक वरच्या बाजूला फिरवून घेतलं. खाली ठेवलं तर अंगठ्यात घुसेल, हे कुणीही सांगेल. मग वरून दिसेल ती वरची बाजू, आणि डोळे वरच्या बाजूलाच असणार. तिनं बघून बघून अगदी बिनचूक उलटं बांधलं होतं, आणि बाकी चौघींनी तिचं बघून.

मालूताईनं खोक्याचं झाकण लावलं. आजवर तिच्या हातचा एक मणी कुठल्या सोनारानं परत पाठवला नव्हता.

"माझ्या हातचं परत आलं," ती म्हणाली. "आता मी न्हाय बांधत."

"अगं, तुझं न्हाय चुकलं," अण्णा म्हणाले. "अंगठ्याचं चुकलं."

"अंगठा कुणाचा हाय?"

मालूताई पिशवी उचलून घरी गेली. साज ओवत राहिली, पण माशीला परत हात लावला नाही. अण्णा तिच्या दारात तीनदा जाऊन आले. तिसऱ्या वेळेला तिनं चहा दिला, पण अण्णांनी आडून कोंबड्यांच्या पिसांचा विषय काढला तर उठून आत गेली. शेडमध्ये अंगठ्याऐवजी लाकडी ठोकळा आणि खिळा आला, काम सुरळीत झालं, पुढच्या खेपा परत आल्या नाहीत. कुणीही म्हटलं असतं, सुटलो. पण परत आलेल्या माशीचं खूळ त्या दिवशी अण्णांच्या डोक्यात जे बसलं ते बसलं.

त्या सहाशे माश्या मी सोडवायला सांगितल्या. गळ तरी वाचतील. अण्णांनी त्या बिस्किटाच्या डब्यात भरून दुकानात फळीवर ठेवल्या.

"परत आलं म्हंजे वाईटच असतं असं कुणी सांगितलं? दुकानदारानं परत पाठवलं. जिनं खायचं तिला कुणी इचारलंय?"

"अण्णा, गळ तळात अडकतो. पत्रात लिहिलंय."

"ती पकडणाऱ्याची अडचण हाय. मी हाडकुळीचं इचारतोय."

आणि पुढच्या पत्रापासून ती ओळ सुरू झाली. गळ किती, पिसं कुठल्या रंगाची, खोकं कधी निघालं, हे सगळं झालं की तळाला: माशाने स्वीकारली काय, कळवावे. मी वाद घातला. म्हटलं, मासा स्वीकारत नाही, गिळतो. इंग्रजीत हे फार वाईट दिसतं, माझ्या मशिनावरून असलं जाणार नाही. अण्णा म्हणाले, "गिळंल न्हाईतर थुकंल, त्ये म्होरलं. आधी तोंडात घेती म्हंजे स्वीकारतीच न्हवं? टाका की ओ." मी टाकलं. त्या वेळी, आणि पुढं दहा वर्षं प्रत्येक पत्रात. त्या ओळीला एकदाही उत्तर आलं नाही. अण्णा पाकीट माझ्यापुढं फोडायचे, मी मजकूर वाचायचो, ते शेवटपर्यंत ऐकायचे आणि म्हणायचे, "त्याचं काय न्हाय?" "नाही." "बरं." आणि खाली जायचे.

तिसऱ्या वर्षी साहेबाने एक काठी पाठवली. लांब, लवचिक, चार तुकड्यांची. जोडीला जाड दोरी. यात गंमत अशी की गळ फेकायचा नसतो, दोरीच डोक्यावरून मागं-पुढं हलवत लांबवायची असते आणि माशी तिच्यामागं जाते. मासिकात चित्रं होती. हात घड्याळाच्या दहावर आणायचा, मग मागं एकवर न्यायचा. झालं. रोज सकाळी सहा वाजता रंकाळ्याच्या काठावर अण्णा काठी घेऊन उभे, आणि मी, एका मान्यताप्राप्त इन्स्टिट्यूटचा चालक, मागं उभा राहून ओरडतोय, "दहा! एक! दहा! एक!" दोरीच्या टोकाला गळ नाही, लाल रेशमी गोंडा. रंकाळ्याच्या माशांना आपल्याला काही विचारायचं नाही, असं अण्णांचं म्हणणं.

फिरायला येणारे लोक थांबायचे. "पावणं, काय गावलं काय?"

"न्हाय ओ, नकोच हाय."

"मंग ह्ये काय चाललंय?"

"सराव."

एकदा एकवर नेताना मागून चाललेल्या एका पेन्शनर गृहस्थाची टोपी गोंड्यात अडकली आणि दहावर आणताना रंकाळ्यात गेली. गृहस्थ तापले. कोल्हापुरात सकाळी सहाला ऐकू येतात त्यातल्या वेचक शिव्या आम्ही दोघांनी मान खाली घालून ऐकल्या. अण्णा धोतर खोचून पाण्यात उतरले, टोपी काढली, पत्ता विचारून घरी नेली. चार दिवसांनी धुऊन, इस्त्री करून परत दिली, वर जांभळा गोंडा शिवून. गृहस्थ पुढं कायम तीच टोपी घालायचे. मी स्वतः बघितलंय.

दोन हजार साल उलटलं आणि माझ्या वर्गात मशिनांवरच्या कापडी खोळी निघेनाशा झाल्या. पोरं समोरच्या कॉम्प्युटर क्लासला जायला लागली. तिकडं खाली पत्रं कमी झाली. साहेबाची कंपनी दुसऱ्या कुठल्यातरी देशातून माश्या घ्यायला लागली होती. सहा महिन्यांत एक पत्र आलं, त्यातही त्या ओळीचं काही नाही. अण्णांनी नेहमीप्रमाणे "बरं" म्हटलं, पण खाली गेले नाहीत.

"मास्तर, हाडकुळी आपल्या देशात बी असती म्हणलावता तुमी."

"लक्षद्वीपला असते असं छापलंय."

"मंग जाऊन इचारू की."

मी हसलो. पंधरा दिवसांनी त्यांनी परवान्याचे कागद माझ्यापुढं ठेवले. पाच दिवसांची सहल, दोन माणसं. आमच्या घरी कुणी सुट्टीला महाबळेश्वरच्या पुढं गेलं नव्हतं. काकींनी वीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक अट बांधून दिली: अण्णांच्या पेटीत पीस नाही. म्हणून काडीपेटी माझ्या पिशवीतून गेली. अण्णांनी बिस्किटाच्या डब्यातली एकच माशी घेतली होती. मालूताईनं बांधलेली, उलट्या डोळ्यांची. तिचे मणी हुपरीच्या पैंजणातले, पातळ चांदीच्या पत्र्याचे, आतून पोकळ. पहिल्या खेपेला साहेबाकडची मण्यांची साखळी आली नव्हती तेव्हा ते वापरले होते.

मिरजेतून गाडीनं कोची, तिथून बोट. बोटीत मला इतकं लागलं की मी अण्णांना आणि साहेबाला आणि टायपिंगला, सगळ्यांना शिव्या दिल्या. अण्णा डेकवर तांब्याभर पाणी घेऊन शांतपणे पूजा करत बसले होते.

बेटावर पोचल्यावर मात्र माझं तोंड बंद झालं. असलं पाणी मी बघितलं नव्हतं. लांबवर लाटा फुटायच्या, आणि अलीकडं फर्लांगभर नुसतं गुडघाभर, काचेसारखं, खाली पांढरी वाळू. तिथला एक म्हातारा कोळी आमचा वाटाड्या होता. त्याची भाषा मल्याळमसारखी काहीतरी, माझं इंग्रजी, अण्णांचं कोल्हापुरी, आणि कुणाचं काही अडलं नाही. अण्णांनी काडीपेटी उघडली, पक्कड घेतली आणि गळाचं टोक मोडून टाकलं. म्हातारा बघतच राहिला. त्यानं खिशातून स्वतःचा धारदार गळ काढून पुढं केला. अण्णांनी त्याला हात जोडले.

"अण्णा, आता मासा सापडणार कसा?" मी म्हटलं.

"सापडाय कुठं आलोय? तिला टोचायचं न्हाय. इचारायचं हाय."

तीन दिवस उत्तर नाही. सावल्या दिसायच्या, पाच-सहा एकदम, आणि अण्णांनी हात वर केला की क्षणात गायब. माझे हाल नव्हते, मी दोन्ही वेळा ताजी मासळी खात होतो. अण्णा दशम्या मोडून चटणीशी खायचे, दशम्या संपल्यावर भात आणि नारळ. म्हातारा दुसऱ्याच दिवशी कंटाळून घरी गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा म्हणाले, "मास्तर, तिनं न्हाई म्हणलं तर न्हाई म्हणून सांगायचं मालूला. खोटं न्हाय सांगायचं." मी होय म्हटलं.

चौथ्या दिवशी सकाळी, ओहोटी संपता संपता. अण्णा पुढं दहा पावलांवर, धोतर खोचलेलं, पाठ वाकलेली. मी मागं. त्यांनी न बोलता डावा हात मागं केला, थांबा म्हणून. मला काही दिसेना. काठी दहावर, एकवर, दहावर. दोरी गेली. मी नीट बघायला एक पाऊल पुढं टाकलं आणि पोवळ्याच्या खडकाच्या धारेवर टाच कापली. जीव कळवळला. मी एका पायावर उभा राहून दुसरा हातात धरला, रक्त किती येतंय ते बघतोय, आणि तेवढ्यात अण्णा ओरडले. शब्द नव्हता, नुसता आवाज होता.

मी वर बघितलं तेव्हा पाण्यात वाळूचा लहानसा ढग होता आणि दोरी सैल पडली होती.

"घेतली! मास्तर, घेतली! मान खाली घातली, घेतली, ओढली! बघितलं न्हवं?"

त्यांचं तोंड माझ्याकडं होतं. साठीचा माणूस, डोळ्यांत पाणी. मी पाय सोडला आणि म्हणालो, "बघितलं की."

अण्णांनी माझ्याकडं क्षणभर बघितलं. मग दोरी गुंडाळली, माशी सोडवली, काडीपेटीत ठेवली आणि पाण्याला नमस्कार केला. अजून दीड दिवस हाताशी होता. त्यांनी परत काठी जोडली नाही. पूर्ण दीड दिवस माझ्या टाचेला हळद आणि खोबरेल लावत बसले.

कोल्हापूर स्टेशनवर उतरलो तेव्हा पाय चांगलाच सुजला होता. अण्णांनी मला रिक्षात बसवलं, घरी पाठवलं आणि स्वतः मागं राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी मला घ्यायला आले, मालूताईकडं जायला. ती दारात बसून साज ओवत होती.

"घेतली गं तुझी माशी हाडकुळीनं," अण्णा म्हणाले. "मास्तर हुते बरोबर."

मालूताईनं अंगठ्याचा दोरा सोडला नाही. माझ्याकडं बघितलं. "मास्तर, खरं सांगा."

मी लंगडत आत येऊन बसलो होतो. खरं सांगायचं तर काही बघितलंच नव्हतं. पण हा माणूस दहा वर्षं एक ओळ लिहून घेत होता, आणि ही बाई दहा वर्षं रुसली होती, आणि माझ्या एका शब्दावर दोघांचं मिटत होतं. मी मान हलवली. "माझ्या डोळ्यांदेखत," मी म्हणालो.

सोमवारी ती शेडवर आली. शेवटच्या थोड्या खेपांतल्या माश्या तिनंच बांधल्या, दीडेक वर्ष, काम बंद पडेपर्यंत.

साहेबाला मी पत्र टाईप केलं. आपण परत पाठवलेल्या खेपेतली माशी माशाने स्वीकारली आहे, नग एक. खाली मी होऊन ओळ घातली, साक्षीदार म्हणून माझं नाव. अण्णांनी वाचून घेतलं आणि म्हणाले, "तेवढी ओळ काढा."

"का?"

"साक्षीदार कशाला? कोर्ट हाय काय?"

मला वाटलं, माणूस नम्र आहे. सगळं पत्र परत मारलं. त्याचंही उत्तर आलं नाही. अण्णांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढं काही वर्षांनी अण्णा गेले. झोपेतच गेले. चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी काकींनी मला बोलावलं. मागच्या दारी उभ्या होत्या, हातात चिमटा, आणि चिमट्यात काडीपेटी.

"मास्तर, ह्ये बघा! देवघराखालच्या कप्प्यात गावलं. इतकी वर्सं कोंबडीचं पीस तिथं, आणि मी रोज वर बसून पूजा करतो!" मग जरा थांबून म्हणाल्या, "टाकाय गेलतो. टाकवंना. तुमी न्ह्या."

मी रस्त्यातच उघडली. तीच माशी. टोक मोडलेलं, पीस चुरगळलेलं. आणि ते हुपरीचे दोन पोकळ मणी, जे मी माझ्या पिशवीतून गोल गोल घेऊन गेलो होतो, ते दोन्ही चपटे झाले होते. नुसते दबलेले नव्हते, दोन दगडांत धरून भरडलेले होते. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. मी खोटं बोललो होतो आणि ते खरं होतं. मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं कुणाला न सांगता मनात घेऊन फिरत होतो ते आता मालूताईपुढं मोकळं करता येणार होतं. स्कूटर काढली आणि तसाच उचगावला गेलो.

मालूताई आता फार ओवत नाही. जाड भिंगाचा चष्मा. मी काडीपेटी तिच्या हातात दिली आणि सांगून टाकलं. मी बघितलं नव्हतं, पायाला लागलं होतं, मी तुझ्यासमोर खोटं बोललो, पण हे मणी बघ.

तिनं काडीपेटी उघडलीसुद्धा नाही.

"ठावं हाय की मला," ती म्हणाली. "अण्णांनी आदल्याच दिवशी आणून दावलंवतं. स्टेशनावरनं थेट हितंच आलते. मणी बघितलं आन् कळलं, जात्यात गेलंय. मी तवाच हो म्हणलो."

"मग दुसऱ्या दिवशी मला का विचारलंस? मास्तर, खरं सांगा म्हणून?"

"अण्णा म्हणलं, मास्तरांचं ध्यान पायाकडं हुतं, पर बघितलं म्हणत्यात, बिचारं माझ्यासाठनं म्हणत्यात. उद्या हितं बी म्हणतील. म्हणू दे त्येंना, मोडू नको." तिनं काडीपेटी माझ्या हातात परत दिली. "म्हणून इचारलं."

मी काडीपेटी खिशात घातली. ती चष्म्यातून माझ्या पायाकडं बघत होती.

"बरा झाला न्हवं ओ पाय?" ती म्हणाली.